लहान तिकीट



पेन्शन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कचेरीतून निवृत्त झालेला कारकून उभा राहतो. आज आम्ही बोलणार आहोत ते इंग्लंडातील एका निराळ्या पेन्शनविषयी. तेथे ५ जुलै १९४८ पासून राष्ट्रीय विम्याची योजना अमलात आली. मालकाने दर आठवड्याला कामगाराच्या कार्डावर वर्गणीचे तिकीट चिकटवायचे (ही पद्धत १९७५ पर्यंत चालली), आणि अशी पुरेशी वर्षे भरली की म्हातारपणी सरकारने पेन्शन द्यायचे. व्यवहार सरळ दिसतो. मग स्त्रियांची तक्रार कशाबद्दल?

योजनेचा आराखडा बेव्हरिज यांनी १९४२ साली मांडला. गृहिणीचे काम बिनपगारी असले तरी राष्ट्राला अत्यावश्यक आहे, हे त्यांनी त्याच अहवालात मान्य केले होते. पण मान्य करणे वेगळे आणि हिशेबात धरणे वेगळे! विवाहित स्त्रीच्या म्हातारपणाची सोय नवरा करीलच, असे गृहीत धरून तिला एक मुभा दिली गेली: नोकरी करीत असली तरी तिने पूर्ण वर्गणी न भरता थोडीशीच भरावी. लोक याला 'लहान तिकीट' म्हणत. या तिकिटाने तिच्या स्वतःच्या पेन्शनच्या खाती एक आठवडाही जमा होत नसे. नवऱ्याच्या वर्गणीवर त्याच्या मूळ पेन्शनच्या साठ टक्क्यांपर्यंत मिळे, तेही त्याने स्वतः पेन्शन घेतल्यावर.

कोणी म्हणेल, सही तिनेच केली ना? केली खरी. पण ऐन विशीत, नव्या संसारात, आठवड्याचे चार पैसे वाचतात म्हणून केलेली सही साठाव्या वर्षी काय रूप घेईल, हे किती जणींना कोणी समजावून सांगितले असेल? आमच्या मते जाणून केलेली निवड तिला म्हणता येत नाही.

१९७७ साली ही मुभा नव्याने देणे बंद झाले. १९७८ पासून मुलांकरिता घरी राहिलेली वर्षे हिशेबातून वजा होऊ लागली. पण लहान तिकीट पत्करलेल्या स्त्रीला ही सवलत नव्हती. जिला गरज अधिक, तीच दाराबाहेर राहिली.

२०१६ पासून नवे नियम आले. आता ज्याचे त्याचे खाते. पस्तीस वर्षे भरली तर पूर्ण पेन्शन, दहाही नसतील तर सामान्यतः काही नाही. बारा वर्षांखालील मूल सांभाळणारीलाही वर्षे मिळू शकतात. हे चांगलेच झाले.

तथापि एक खोच उरलीच आहे. वर्ष खाती धरण्यासाठी लागणारा किमान पगार एकेका नोकरीत पाहतात. दोन नोकऱ्यांची बेरीज करीत नाहीत. २०२४-२५ साली तो आठवड्याला १२३ पौंड होता. समजा, मुले मोठी झालेली एक बाई सकाळी एका कचेरीत झाडलोट करून ८० पौंड मिळवते, संध्याकाळी दुसरीकडे ८०. एकूण १६०, पण दुसरी कसली सवलत नसेल तर तिचे वर्ष कोरे. शेजारचा गृहस्थ एकाच ठिकाणी १३० मिळवतो. त्याला त्या वर्षी स्वतःची वर्गणी एक पैसाही भरावी लागत नाही, आणि तरी त्याचे वर्ष पुरे धरले जाते! बाईला ते वर्ष हवे असेल तर तिने स्वखुशीची वर्गणी भरावी. तिचा त्या साली दर होता आठवड्याला १७ पौंड ४५ पेन्स.