अंगणातील गुलाब
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात कवठे महांकाळ येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी मला ‘आपल्या छंदाविषयी चार शब्द बोला’ अशी आज्ञा केली, तेव्हा मी काहीसा संकोचलो. आयुष्यभर मुलांना मुळाक्षरे गिरवायला लावणारा मी एक साधा शिक्षक. बागशास्त्राची पदवी मजपाशी नाही. परंतु चुका करून जो शिकतो, त्याला निदान त्या चुका दुसऱ्यास सांगण्याचा अधिकार असतो. त्या अधिकाराने मी आज गुलाबाविषयी बोलणार आहे.

2016 च्या फेब्रुवारीअखेर मी सेवानिवृत्त झालो. निरोपसमारंभात गुलाबाचे हार मिळाले, गुच्छ मिळाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते सारे कोमेजलेले दिसले. मनात आले, आता सवड आहे, तर आपल्याच अंगणात गुलाब का असू नये? मार्च महिन्यात दारावर आलेल्या हातगाडीवाल्याकडून फुलांनी डवरलेली पाच रोपे मी घेतली. त्याच सुमारास आपल्या भागात पाण्याचे दुर्भिक्ष पडले होते. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी गेले, हे आपणा सर्वांना आठवत असेलच. आमच्या गल्लीत टँकर येई. रोपे पाहून आमच्या घरातून उद्गार आले, “अहो, हंडाभर पाण्यासाठी बायका रांगेत उभ्या आहेत, आणि तुम्ही फुलझाडे आणलीत?”

या प्रश्नाला माझ्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते. आपला तालुका अवर्षणप्रवण. अग्रणीचे पात्र उन्हाळ्यात कोरडे पडलेले पाहतच आपण लहानाचे मोठे झालो. म्हैसाळ योजनेचे पाणी आले, द्राक्षबागा फुलल्या, तरी पाण्याचा थेंब जपून वापरण्याची शिकवण आपल्या अंगी मुरलेली आहे, आणि ती मुरलेलीच राहावी. तेव्हा अशा गावात गुलाब लावणे हा चोचला तर नव्हे? या प्रश्नाकडे मी शेवटी वळेन. आधी माझ्या पाच रोपांचे काय झाले ते सांगतो.

एक रोप मी लाडाने मारले. सकाळ-संध्याकाळ तांब्या-तांब्या पाणी घातल्याने काळ्या मातीत त्याची मुळे कुजली. एक उन्हाने गेले. दोन रोपे पावसाळ्यात जोमाने वाढली. मला आनंद झाला. पण त्यांची पाने निराळी दिसू लागली आणि मूळचे लाल फूल काही पुन्हा आले नाही. पुढे एका जाणत्या माळ्याने सांगितले, “गुरुजी, तुम्ही खुंट वाढवलात, कलम मेले.” पाचवे तेवढे तगले.

मंडळी, बाजारात मिळणारा गुलाब बहुधा एकाच झाडाचा नसतो. खाली रानटी, काटक गुलाबाचा खुंट असतो आणि त्यावर उत्तम जातीचा डोळा भरलेला असतो. जोडाच्या खालून जो फुटवा येतो तो खुंटाचा. तो मुळाशी माती उकरून, उगमापासून ओढून काढावा. नुसता कापल्यास पुन्हा फुटतो. पानांची संख्या मोजून खुंट ओळखावा असे काहीजण सांगतात, पण ती खूण फसवी आहे. फुटवा जोडाच्या वरून निघाला की खालून, हे पाहणे हीच खरी परीक्षा.

म्हणून रोप घेताना फुलावर भुलू नये. जोड पाहावा, तो घट्ट व भरलेला हवा. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या दोन-तीन निरोगी फांद्या हव्यात. पाने उलटून कीड नाही ना हे पाहावे. मुळाशी असलेला मातीचा गोळा फुटलेला नसावा. दारावरच्या फिरत्या विक्रेत्यापेक्षा, जेथे जाऊन पुन्हा विचारता येईल अशा रोपवाटिकेतून जातीचे नाव विचारून रोप घ्यावे. आणि उन्हाळ्यात मुळीच घेऊ नये. पावसाचा जोर ओसरल्यापासून हिवाळा सरेपर्यंतचा काळ उत्तम.

जाती तर हजारो आहेत. एका दांड्यावर एकेक मोठे फूल देणाऱ्या वर्गाला ‘हायब्रीड टी’ म्हणतात. 1867 सालचा ‘ला फ्रान्स’ हा फ्रेंच गुलाब त्या वर्गातील पहिला मानला जातो. घोसाने फुलणारा तो ‘फ्लोरिबंडा’. नवशिक्याने प्रथम ‘ग्लॅडिएटर’सारखी महाराष्ट्रात रुळलेली जात आणि एखादा गावठी सुवासिक गुलाब लावावा. गावठी गुलाबाच्या पाकळ्यांचा घरी गुलकंदही होतो.

लावणीसाठी निदान पाच-सहा तास ऊन मिळणारी जागा निवडावी. दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा. मातीत एक तृतीयांश कुजलेले शेणखत व थोडी निंबोळी पेंड मिसळावी. काळी माती चिकण असेल तर वाळू घालावी, म्हणजे पाणी साचणार नाही. जोड जमिनीच्या दोन बोटे वर ठेवावा. आपल्याकडे चुनखडीची जमीन पुष्कळ. तेथे पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची उणीव होय. द्राक्षबागायतदारांना त्यावर हिराकशीचा उपाय ठाऊक आहेच.

खरे म्हणजे आपल्या तालुक्यातील शेतकऱ्याला गुलाब अर्धाअधिक येतोच. द्राक्षाप्रमाणे गुलाबाचीही मुख्य छाटणी ऑक्टोबरात, पाऊस थांबल्यावर करावी. वाळलेल्या, रोगट, एकमेकींत गुंतलेल्या फांद्या मुळापासून काढाव्यात. उरलेल्या तीन-चार जोमदार फांद्या फूट-दीड फुटावर, बाहेरच्या बाजूस पाहणाऱ्या डोळ्याच्या किंचित वर, धारदार कात्रीने तिरप्या कापाव्यात आणि कापाला बोर्डो मलम लावावे. मग खत द्यावे. सुमारे दीड-दोन महिन्यांत फुले येतात. भुरीही दोघांना होते. द्राक्षाच्या भुरीची बुरशी वेगळी आणि गुलाबाची वेगळी, त्यामुळे एकीची दुसऱ्याला लागण होत नाही. परंतु दोहोंवर गंधकाचा उपाय चालतो. मात्र कडक उन्हात गंधक वापरू नये, पाने करपतात. मावा दिसला तर निंबोळी अर्काची फवारणी पुरते. सुकलेले फूल झाडावर ठेवू नये. ते काढले की नवा फुटवा येतो.

आता पाणी. रोज थोडे देण्यापेक्षा दोन-चार दिवसांआड, माती बोटभर खोल कोरडी झाल्यावर, भरपूर द्यावे. तेही सकाळी, मुळाशी, पानांवर नव्हे. आळ्यात उसाचे पाचट पसरावे, म्हणजे ओल टिकते. झाडाजवळ मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरावे. ते झिरपत राहते.

आणि आता घरातील त्या प्रश्नाकडे. त्या उन्हाळ्यात आमच्या पाचव्या रोपाला मी टँकरचे पाणी दिले नाही. तांदूळ व भाजी धुतलेले पाणी बादलीत साठवू लागलो. थोड्या दिवसांनी पाहतो तो, ज्यांनी मला विचारले होते त्याच ती बादली माझ्याआधी झाडाशी नेऊन ओतत होत्या. ऑक्टोबरात छाटणी केली. डिसेंबरात पहिले फूल आले. मला वाटले, देवापुढे ठेवतील. त्यांनी ते शेजारच्या वहिनींना नेऊन दिले. टँकरच्या रांगेत आमची घागर त्या पुढे सरकवीत असत.

‘गुलाब’ हा शब्द फारसी. ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. पाण्याचे मोल ज्याला कळत नाही, त्याला या फुलाचे नावही कळले नाही, असे मी समजतो. आणि ज्याला हा चोचला वाटतो त्याने डॉ. बी. पी. पाल यांचे चरित्र आठवावे. तांबेऱ्याला दाद न देणारे गव्हाचे वाण देशाला देणाऱ्या या शास्त्रज्ञाने हौसेने गुलाबाच्याही अनेक जाती निर्माण केल्या. त्यांतील एका शुभ्र जातीला त्यांनी डॉ. होमी भाभांचे नाव दिले. भाकरीची चिंता वाहणाऱ्या माणसालाही फूल वर्ज्य नव्हते. मात्र पिण्याच्या पाण्यावर फुलाचा हक्क नाही, हा आमच्या घरातील दंडक मी आजही मोडीत नाही.

शेवटी मंडळाला एक नम्र सूचना करतो. गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारात आपण दरवर्षी गुच्छ देतो. तो दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर जातो. त्याऐवजी प्रत्येकास एक गुलाबाचे कलम द्यावे, आणि पुढील वर्षी त्याच मुलाला ‘झाड कसे आहे?’ असे विचारावे. देणे सोपे, विचारणे अवघड. पण संगोपन त्या विचारण्यातच आहे. ज्यांचे झाड मेले असेल त्यांना रागावू नये. माझी पाचांतली चार मेली होती.