काटा खरा की इंजिन खरं?

केम म्हटलं की पहिल्यांदा कुंकू आठवतं, आणि मग मुंबई-सोलापूर लोहमार्गावरचं करमाळा तालुक्यातलं ते स्टेशन. आज मात्र मला बोलायचं आहे ते मोटारीविषयी, आणि त्यातही चालकाच्या समोरच्या काट्यांविषयी. समजा, मे महिन्याच्या भर दुपारी कुंकवाच्या गोण्या भरून एक गाडी केमहून टेंभुर्णीमार्गे पंढरपूरला निघाली आहे. वाटेत उष्णतेचा काटा एकाएकी तांबड्या पट्ट्यात जातो. आता दोष इंजिनात, की काट्यात? काटा खोटा असेल तर तासाभराचा खोळंबा. तो खरा असून आपण तसेच पुढे गेलो, तर इंजिनच जातं.

म्हणून पहिला नियम असा, की काटा खोटा ठरेपर्यंत तो खरा मानावा. गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावं. रेडिएटरचं झाकण गरम असताना मुळीच उघडू नये. सगळं निवल्यावर पाणी पाहावं. ऑइलच्या दाबाचा तांबडा दिवा लागला तर इंजिन तत्काळ बंद करावं. ऑइल पुरेसं आहे एवढ्यावर समाधान मानू नये. मिस्त्रीनं स्वतंत्र मीटर लावून दाब मोजल्याशिवाय ते पुन्हा सुरू करू नये.

याची उलट बाजूही ध्यानात ठेवा. उष्णता मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. सगळं पाणी गळून गेलं तर तो कोरडा पडतो, आणि इंजिन भाजत असतानाही काटा खाली राहू शकतो. म्हणजे काटा थंड आहे म्हणून निर्धास्त राहावं, असंही नाही.

याच लोहमार्गावर पूर्वी वाफेची इंजिनं धावत. त्यांच्या बॉयलरवर पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी असे. ती नळी नुसती पाहून चालत नसे. तोटी उघडून नळीतलं पाणी सोडून द्यायचं आणि ते झटकन पूर्ववत चढतं की नाही, हे पाहायचं अशी रीत होती. मोटारीच्या काट्यालाही हाच न्याय लावायचा.

आता दोष शोधायचा कसा? आधी पाहा, एक काटा बिघडला की सगळे. सगळे एकदम बंद पडले किंवा एकदम नाचू लागले, तर फ्यूज, बॅटरीची टोकं आणि अर्थची, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली वायर तपासा. गंजलेला एक स्क्रूसुद्धा पुरतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत पेट्रोलच्या आणि उष्णतेच्या काट्यांना साधारण 10 व्होल्टचा सारखा पुरवठा करणारा छोटा स्टॅबिलायझर असतो. तो बिघडला की दोन्ही काटे मिळून वर चढतात. उष्णता वाढली त्याच वेळी टाकीतलं पेट्रोलही वाढलं, असं कधी होतं का? असं दिसलं की संशय स्टॅबिलायझरवर घ्यावा.

एकटा पेट्रोलचा काटा बिघडला असेल, तर टाकीतला तरंगता फ्लोट, त्याच्याशी जोडलेला रेझिस्टन्स, मधली वायर आणि मीटर अशी साखळी डोळ्यांपुढे आणा. जुन्या गाडीत स्विच बंद ठेवून टाकीवरची वायर सोडवावी आणि स्विच चालू करून काटा पाहावा. पुन्हा स्विच बंद करून ती वायर टाकीपासून दूर पत्र्याला पक्की जोडावी, आणि मगच स्विच क्षणभर चालू करावा. काटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला, तर मीटर आणि वायर ठीक. दोष टाकीतल्या युनिटचा. टाकीजवळ ठिणगी उडता कामा नये, म्हणून ही शिस्त. संगणक असलेल्या नव्या गाडीत मात्र हा प्रयोग करू नका.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि पद्मिनी गाड्या निघाल्या. त्या पिढीच्या तबकडीमागे मोजक्या वायरी असत. आता काट्यांच्या जागी पडदा आला. सेन्सरची बातमी आधी संगणकाकडे जाते, मग पडद्यावर येते. तरीही सुरुवात बॅटरीपासूनच करावी. इंजिन बंद असता साधारण 12.6 व्होल्ट आणि चालू असता बहुधा 14 व्होल्टच्या आसपास भरायला हवेत. स्टार्टर मारताना पडदा विझत असेल तर बॅटरी अशक्त आहे किंवा तिची टोकं सैल आहेत. पुष्कळदा नवा पडदा घेण्याची गरजच पडत नाही.

त्यानंतर स्कॅनर लावावा. स्कॅनरवर उष्णतेचा आकडा बरोबर आणि पडद्यावर चूक, तर दोष पडद्याकडचा. दोन्हीकडे सारखीच चूक, तर सेन्सर किंवा त्याची वायर पाहावी. पडद्यावरच्या काही रेघाच गायब असतील, तर आतला सांधा किंवा पट्टी सुटलेली असू शकते. ते काम बारीक झाळकाम जाणणाऱ्या कारागिराचं. पडदा बदलावाच लागला तर किलोमीटरचा खरा आकडा आधी लिहून ठेवा आणि बिलावर नोंदवून घ्या. तो आकडा मागे नेणं म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाची शुद्ध फसवणूक.

गॅरेजमध्ये जाताना एवढं सांगता यावं : कोणता काटा, इंजिन थंड असताना की तापल्यावर, खड्ड्यात की सपाट रस्त्यावर, एकटा की इतरांबरोबर. ही चार उत्तरं कागदावर लिहून नेलीत, तर मिस्त्रीचं निम्मं काम हलकं होईल आणि चांगला भाग उगाच बदलला जाणार नाही.