वघईची गाडी आणि आपलं रान
(सुरगाणा तालुक्यातल्या कार्यकर्ता शिबिरात झालेलं भाषण)



शिबिराच्या कागदावर विषय लिहिलाय 'बिलीमोरा-वघई रेल्वेचा इतिहास'. सकाळी चहाला एक बाबा म्हणाले, जमिनीचं शिबिर सोडून आगगाडीचं काय काढलंत? बाबांचं बरोबर आहे. पण गाडी आपल्या पट्टीत का आली, तिने काय नेलं, हे नीट पाहिलं की रान सरकारचं कसं झालं ते आपोआप कळतं. म्हणून हा विषय घेतला.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी त्या गाडीत बसून पाहिलंय. बोरगावकडून सापुताऱ्याचा घाट उतरायचा, वघईला जायचं आणि छोट्या रुळाच्या डब्यात जागा धरायची. दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. ६३ किलोमीटरला तीन तास लागतात. डुंगरडा, काळाआंबा, उनाई, अनावल, रानकुवा, चिखली, गणदेवी करत गाडी बिलीमोऱ्याला पोचते. उनाईच्या गरम पाण्याच्या जत्रेला आपली म्हातारी माणसं याच गाडीने जातात. लोकांना वाटतं सरकारने गरिबांसाठी गाडी काढली. तिकीट स्वस्त आहे हे खरंच. पण गरिबांसाठी काढली हे काही खरं नाही.

मागे जाऊ. १८३० साली औट्राम नावाचा इंग्रज अधिकारी फौज घेऊन डांगात शिरला. भिल राजांना दबवलं आणि बारा वर्षांनी, १८४२ साली, त्यांच्याकडून जंगल पट्ट्याने घेतलं. नीट ऐका, पट्ट्याने. विकत घेतलं नाही. राजांना दरसाल पैसे द्यायचे आणि लाकूड न्यायचं. इंग्रजांना मुंबईच्या गोदीत जहाजं बांधायला साग लागत होता, मलबारचा साग तोडून तोडून संपत आला होता. त्या पट्ट्याचा सालियाना अजून अहव्याच्या दरबारात राजांच्या वारसांना मिळतो. होळीच्या आधी दरबार भरतो, ढोल वाजतात, फोटो निघतात. भाडेकरू भाडं भरतो तेव्हा घर त्याचं होत नाही, हे आपल्या शेंबड्या पोरालाही कळतं. रानाच्या बाबतीत मात्र भाडेकरूच मालक झाला आणि घरातला माणूस चोर ठरला.

मग रेल्वे आली. १८५३ ला मुंबई-ठाणे सुरू झाली. पुढच्या दहा-बारा वर्षांत मुंबई-सुरत रूळही पडले, त्यावर बिलीमोरा आलं. रुळाखाली लाकडाचे स्लीपर लागतात. मोठ्या रुळाला मैलामागे सुमारे दोन हजार. ते कुजतात, काही वर्षांनी बदलायला लागतात. म्हणजे एकदा तोडून भागत नाही, तोडतच राहावं लागतं. १८६४ साली इंग्रजांनी जंगलखातं काढलं, त्याच्या मोठ्या कारणांमधलं हे एक. रेल्वेला कायमचं लाकूड पाहिजे होतं. पुढच्याच वर्षी पहिला जंगल कायदा आला, १८७८ ला त्याहून कडक आला. राखीव आणि संरक्षित हे शब्द तिथले. १८८९ ला डांगात राखीव जंगलाची आखणी झाली. राब भाजायला बंदी, जागा बदलून नागली करायला बंदी, कुऱ्हाड धरली तर दंड. हे का, तर म्हणे आदिवासी रान जाळतो, नासतो. आणि ज्यांनी मैलामागे दोन हजार स्लीपर टाकले ते रानाचे राखणदार!

आता आपली छोटी लाईन. सागाचं लाकूड आधी बैलगाडीने, अंबिका नदीच्या पाण्याने बिलीमोऱ्याच्या बंदरात जायचं. तिथले लाकडाचे व्यापारी जुने, पण बैलगाडीला वेळ लागे. बडोद्याच्या गायकवाडांना छोट्या रुळाची सवय होती. त्यांच्याच राज्यात डभोई-मियागाव हा देशातला पहिला छोटा रूळ १८६२ ला पडला, आधी त्यावर डबे बैलच ओढत. १९१३-१४ च्या सुमाराला त्यांनी बिलीमोऱ्याहून डांगकडे रूळ घातला. गायकवाडी मुलूख, इंग्रजी मुलूख, वांसद्याचं संस्थान ओलांडत रूळ डांगच्या तोंडाशी वघईला आला आणि थांबला. का थांबला? अहव्याला कचेरी होती, पुढे गावंच गावं होती. पण लाकूड गोळा व्हायची जागा वघई. डेपो तिथे, म्हणून शेवटचं स्टेशन तिथे. माणसासाठी रूळ घातला असता तर अजून वीस मैल पुढे गेला असता.

सयाजीराव महाराजांनी शाळा काढल्या, वाचनालयं काढली, त्यांना नावं ठेवायला आम्ही उभे नाही. पण रूळ कशासाठी घातला हे सांगायला हवं.

ते लाकूड तोडलं कोणी? आपल्याच आजा-पणजांनी. कूपात तोड त्यांची, ओढणं त्यांच्या बैलांचं, डब्यात चढवणं त्यांच्या खांद्यावर. सरकारसाठी शंभर झाडं पाडली तर मजूर, घराच्या आढ्याला एक पाडलं तर गुन्हेगार. दोन महायुद्धांत मागणी वाढली, तोड वाढली. १९४९ ला गायकवाडांची रेल्वे मोठ्या कंपनीत गेली, १९५१ ला पश्चिम रेल्वे झाली. १९६० ला डांग गुजरातेत गेला. मराठीवाले म्हणत डांगी आमची, गुजरातीवाले म्हणत आमची. रान कोणाचं यावर त्या भांडणात कोणी बोललं नाही. आपली सोयरीक अजून दोन्ही राज्यांत आहे, हद्द फक्त फॉरेस्टवाल्याला दिसते.

रेल्वेने अजून एक गोष्ट केली. पारडीकडचं गवत बघा. मुंबईच्या तबेल्यांना गवत न्यायला गाडी मिळाली, तसं गवताला पैसे आले आणि सावकारांनी शेतं पडीक टाकून गवत राखलं. आदिवासीने पिकवायचं नाही, फक्त कापायचं. म्हणून १९५३ ला तिथल्या आदिवासींनी गवत कापायला नकार देऊन सत्याग्रह केला. मागणी एकच, जमिनीत धान्य पिकवू द्या. ही लढाई कितीतरी वर्षं चालली. आपल्याकडे तिचं नावही फारसं कोणी घेत नाही.

आता वघईच्या गाडीतून काय जातं? माणसं जातात. रान गेलं, वरकस जमिनीवर चार महिन्यांची नागली-वरई होते, मग पोट खाली उतरवतं. चिकूच्या वाड्या, वीटभट्ट्या, गवतकापणी. ऊसतोडीला मुकादम ट्रकच घेऊन येतो, उचल आधीच अंगावर असते. दिवाळीनंतर आपल्या पाड्यांत म्हातारे आणि कोंबड्या राहतात.

इथे जमिनीचा मुद्दा येतो. १९७८ साली महाराष्ट्र सरकारने ठरवलं होतं की ३१ मार्च १९७८ पर्यंत जे जंगल जमीन कसत होते त्यांचं अतिक्रमण कायम करायचं. 'अतिक्रमण' हा शब्द आपल्याला मान्य नाही, पण प्लॉट नावावर व्हायला पाहिजे. चौकशीला साहेब कधी येतात? हिवाळ्यात, रस्ता सुकल्यावर. तेव्हा आपला माणूस कारखान्याच्या फडात कोयता चालवतोय. कागदावर पडतं, 'जागेवर कोणी आढळले नाही'. आढळणार कसा? त्याला तर तुम्हीच खाली पाठवलात.

तर असं ठरवू. कोणत्या पाड्यातली कोणती घरं खाली जाणार ते दिवाळीआधी लिहून काढायचं. घरामागे एक तरी मोठं माणूस चौकशी होईपर्यंत थांबेल, त्याचं धान्य पाड्याने बघायचं. दंडाची जुनी पावती टाकून देऊ नका. फॉरेस्टवाल्याने तुम्हाला चोर ठरवून दिलेली ती पावतीच सांगते की त्या साली तुम्ही ती जमीन कसत होता. पंचनामा, एकसाली प्लॉटचा कागद, कूपातल्या मजुरीची चिठ्ठी, आजाच्या नावाचं काहीही असो, पुढच्या बैठकीला आणा. ज्याच्याकडे कागद नाही त्याने म्हाताऱ्याला आणावं. कुठलं शेत कोणी कधी फोडलं ते त्याच्या तोंडून लिहून घेऊ, अंगठा घेऊ, दोन साक्षीदार घेऊ. मूळ पावती कोणाच्याही हातात द्यायची नाही, तलाठ्याच्याही नाही. नक्कल द्यायची आणि नक्कल दिल्याची पोच मागायची.