बोटीचं नाव आहे, माणसांची लिहूया



संमेलनासाठी ग्रुपवर जुने फोटो मागवले आणि ‘तू कॉम्प्युटरवाली’ म्हणून ते लावायचं काम माझ्याकडे आलं. शाळेचे फोटो आलेच. पण काहींनी आजी-आजोबांच्या ट्रंकेतलेही पाठवले. धक्क्यावर वळकट्या, टोपल्या, छत्र्या घेऊन उभी माणसं आणि मागे आगबोट.

आज आपली मुलं भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रोत चढतात आणि मांडव्याला उतरतात. त्यांना हे सांगावं लागतं की, आपल्या किनाऱ्याचा मुंबईशी संबंध एकेकाळी बोटीनेच होता. गिरणीत नोकरीला जाणारा मुलगा बोटीने जायचा, सणाचं सामान बोटीने यायचं. जिथे बोट किनाऱ्याला लागत नसे, तिथे पडावातून उतरायचं, लुगडं सावरत आणि पोर खांद्यावर घेत. स्वदेशीच्या काळात इंग्रजी कंपनीला टक्कर द्यायला आपली कंपनी निघाली. लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. तिच्या बोटींना संतांची नावं होती : तुकाराम, रामदास.

‘रामदास’ म्हटलं की रेवस-अलिबागकडची वडीलधारी माणसं अजून गप्प होतात. १७ जुलै १९४७, आषाढ अमावास्या, दिव्यांची अवस. सणाला घरी निघालेल्या माणसांनी भरलेली बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. काश्याच्या खडकाजवळ लाट आदळली, घाबरलेले लोक एका बाजूला धावले आणि बोट कलंडली. बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला कळेपर्यंत संध्याकाळ झाली. जी माणसं वाचली, त्यांतली अनेक रेवसच्या कोळी बांधवांनी आपल्या मचव्यांत ओढून घेतली म्हणून वाचली. सहाशेहून जास्त माणसं गेली. नेमकी किती, यावर आजही वेगवेगळे आकडे सांगतात. बोटीचं वजन, लांबी, बांधणीचं साल, सगळं नोंदलेलं आहे. माणसांची मोजणी मात्र पुरी जुळत नाही.

फोटो बघताना मला हेच जाणवत राहिलं. बोटीचं नाव रंगवलेलं असतं, भिंग लावलं तर वाचता येतं. पुढे उभ्या माणसांच्या कपाळावर नाव नसतं. मी फोटो साफ करू शकते, डाग काढू शकते, मागे ‘जिल्हा कुलाबा’ लिहिलं असेल तर तो बहुधा १९८१ च्या आधीचा, एवढा अंदाज बांधू शकते. पण डावीकडून तिसरी, नऊवारीतली, हसणारी बाई कोण, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगणार नाही. ते सांगणारी माणसं आज ऐंशी-नव्वदीत आहेत. त्यांच्यानंतर तो फोटो फक्त ‘जुना फोटो’ उरतो.

म्हणून एक गृहपाठ देते. बाई, सर, आज उलटं होऊ द्या! गणपतीत घरी जाल तेव्हा अल्बम उघडा, घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाशेजारी बसा आणि विचारा : हे कोण, कुठला धक्का, कुठे निघाले होते? ते बोलत असताना मोबाइलवर रेकॉर्ड करा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावं लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, तसाच स्कॅन करा. फाइलला ‘आयएमजी ००४७’ ऐवजी गाव, साल आणि नावं द्या.

आलेले सगळे फोटो मागच्या टेबलावर मांडले आहेत, शेजारी वही आणि पेन्सिल आहे. आपल्या शिक्षकांनी या गावांतल्या दोन-दोन पिढ्या शिकवल्या आहेत. सर, बाई, जेवणाआधी तिथे पाच मिनिटं बसाल? आम्हाला न ओळखू आलेले चेहरे तुम्ही ओळखाल, याची मला खात्री आहे. हजेरीत तुमची नजर कधी चुकली नाही.