तलावाचे पाणी आणि शेजारची बांधी



मागताक्षणी हजर होणारे चलच्चित्र घरोघर पोचते कसे, हा आजचा विषय. कामठ्याच्या श्रोत्यांपुढे तो मांडायला दूरचा दाखला नको. या धानपट्ट्यात कोहळी समाजाने तलाव बांधले; आज आपण त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे 'मामा' तलाव म्हणतो. पाणी गावाशी अडते आणि खाली एका बांधीतून दुसरीत उतरते. चित्रांचीही तीच तऱ्हा करता येते.

झाडीपट्टीचे एखादे नाटक यूट्यूबवर आहे असे समजा. सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने तासाला 450 मेगाबाइट लागतात. शंभर घरांनी वेगवेगळे मागवले, तर लांबून येणाऱ्या तारेवर 45 गिगाबाइटचा भार पडतो. जवळच साठवणयंत्र, म्हणजे 'प्रॉक्सी', असेल तर एकदा आलेली प्रत तेथे राहते. उरलेल्या नव्व्याण्णवांची सोय तेथूनच होते. गूगल आणि 2012 सालापासून नेटफ्लिक्स अशी यंत्रे इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या ठाण्यांत ठेवत आले आहेत.

पण साठ्याला काठ असतो. तो भरला की कमी मागणीचे आधी बाहेर जाते. गाजलेला सिनेमा राहतो. कुणी हौसेने टिपलेली दंडार जाते. आमचे दुखणे नेमके इथे आहे!

यावर उपाय शेजाऱ्यांचा. चित्राचे तुकडे करून ते पाहणाऱ्यांनीच एकमेकांना द्यायचे, ही रीत 2001 मध्ये बिटटॉरेंटने रूढ केली. दोन्ही रीती जोडल्या, की लोकप्रिय तुकडे प्रॉक्सी सांभाळते, दुर्मिळ तुकडे घरोघरच्या संगणकांवर राहतात आणि कोणता कुणाकडे, याची वही प्रॉक्सी ठेवते. शेजाऱ्याने मध्येच यंत्र बंद केले, तर दुसऱ्या घरातून किंवा मूळ केंद्रातून तुकडा आणून ती वेळ मारून नेते. तुकडा खरा की बिघडलेला, हे त्याच्या अंकखुणेवरून पडताळता येते.

अडचण आहे ती वेगळीच. देणाऱ्याचाही डेटा खर्च होतो. स्पॉटिफायने गाण्यांसाठी ही शेजारपद्धत चालवली आणि 2014 मध्ये सोडली. मोबाइलवर तर शेजाऱ्याचा तुकडाही बहुधा टॉवरवर चढून परत उतरतो. बॅटरी जाते ती निराळीच. म्हणून ही योजना तारेच्या जोडणीवर शोभते, आणि तीही देणाऱ्याला विचारून. न विचारता बांधी फोडली तर काय होते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

भारतनेटची तार जेथे चालू आहे, त्या ग्रामपंचायतीत असा साठा करून पाहता येईल. दंडारीची चित्रणे कोणाकोणाच्या घरी पडून आहेत, याची यादी मात्र आधी आपल्यालाच करावी लागेल.