पाहुणा डॉक्टर आणि गावची आशा

आफ्रिकेतील एखाद्या खेड्यातल्या दवाखान्यात काही महिने विनामोबदला काम करण्यासाठी दूरदेशांहून जाणाऱ्या डॉक्टरांची आणि परिचारिकांची परंपरा आता जुनी झाली असून, १९७१ मध्ये पॅरिस येथे स्थापन झालेल्या ‘मेदसँ साँ फ्राँतिएर’ म्हणजे ‘सीमारहित डॉक्टर’ या संघटनेने तिला शिस्त आणि प्रतिष्ठा दिली. महाराष्ट्रालाही हा मार्ग अपरिचित नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांनी तेथेच देह ठेवला. परंतु कोटणीस गेले ते युद्धात, जेथे जखमीवर त्या घटकेला शस्त्रक्रिया करणे हीच सेवा असते. खेड्यातील दुखणी, मग ती आफ्रिकेतील असोत वा मराठवाड्यातील, बहुतांशी सावकाश वाढणारी असतात. रक्तक्षय, क्षयरोग, वर्षानुवर्षे अंगावर काढलेला रक्तदाब यांना वर्षभर लक्ष ठेवणारे माणूस लागते, आणि काही महिन्यांनी परतणारा डॉक्टर कितीही कुशल असला तरी ते त्याच्याने होत नाही.

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगाव आणि भोवतालची खेडी डोळ्यांपुढे ठेवली, म्हणजे हे लक्ष ठेवण्याचे काम प्रत्यक्षात कोण करते ते दिसते. सपाट प्रदेशात ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र असे सरकारी प्रमाण आहे. त्याखाली साधारण १,००० लोकांमागे एक आशा स्वयंसेविका असते. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने निर्माण केलेले हे पद असून, आशा त्याच गावची रहिवासी असावी अशी त्यात अट आहे. तिला सरकारी कर्मचाऱ्यासारखे वेतन नाही. नोंदलेली गरोदर स्त्री, दवाखान्यात झालेले बाळंतपण, पूर्ण झालेले लसीकरण अशा कामागणिक मोबदला आणि त्याखेरीज मानधन तिला मिळते.

गावच्याच स्त्रीकडे हे काम सोपवण्याच्या कल्पनेचा एक मोठा उगम महाराष्ट्रातच आहे. बीड जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले आणि गावांनी निवडलेल्या, बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित समाजातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जामखेडचा समावेश झाला, आणि प्राथमिक आरोग्यसेवा हा सर्वांचा हक्क मानणारा आल्मा-आटा येथील जाहीरनामा १९७८ मध्ये निघाला. दरम्यान केंद्र सरकारने १९७७ मध्ये दरमहा ५० रुपयांवर सामुदायिक आरोग्य कार्यकर्ते नेमले होते. त्यांत पुरुषांचाच भरणा होता, निवड पुष्कळ ठिकाणी गावातील वजनदार मंडळींच्या हाती राहिली आणि काही वर्षांत ती योजना निस्तेज झाली. बाळंतिणीच्या खोलीत ज्याला प्रवेश नाही, त्याच्याकडून माता-बालसंगोपनाची अपेक्षा करण्यात आली होती, हे त्या वेळी योजनाकारांच्या ध्यानात कसे आले नाही याचे नवल वाटते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी पुढचा टप्पा गाठला. त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेने प्रशिक्षण दिलेल्या गावातील स्त्रियांनी घरोघरी जाऊन नवजात बालकांची तपासणी केली, जंतुसंसर्ग झालेल्या बालकांना प्रतिजैविकाची इंजेक्शनेही दिली, आणि ३९ गावांतील नवजात-मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. आज आशा ज्या गृहभेटी देते त्या याच कामातून आलेल्या आहेत. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. बाळाचे वजन करते, ताप किंवा गारठा पाहते, नाळ तपासते, ते नीट दूध ओढते का हे विचारून न थांबता स्वतः बसून पाहते, आणि एका मिनिटातील श्वास मोजते, कारण ते ६० किंवा त्याहून अधिक असणे हे धोक्याचे लक्षण मानले जाते.

कागदावर नेटका दिसणारा हा क्रम मराठवाड्यात दोन कारणांनी तुटतो. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने गरोदरपणाची नोंद सासरच्या आशेकडे आणि बाळाच्या भेटी माहेरच्या आशेकडे जातात, आणि नोंदीचे कार्ड सासरी राहिले तर माहेरची आशा चाचपडत राहते. दुसरे कारण अधिक कठीण आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची कुटुंबे फडावर निघतात, त्यांत ओली बाळंतीणही असते, आणि भेटी अर्ध्यावरच राहतात. येथे आशेची कसूर नसते. पण मोबदल्याच्या मूळ हिशेबात तसा भेद केलेला नव्हता. या सहा भेटींसाठी २५० रुपये ठरवताना मूळ मार्गदर्शक सूचनांत बेचाळिसाव्या दिवशी आई आणि बाळ दोघेही सुखरूप असण्याची अट घातलेली होती. म्हणजे सर्वांत अवघड घरात सर्वांत जास्त खपलेल्या बाईलाच रिकाम्या हाताने परतावे लागण्याची ती तरतूद होती.

या बाबतीत आफ्रिकेकडे पाहणे उपयुक्त ठरते. इथिओपियाने २००३ मध्ये सुरू केलेल्या आरोग्य विस्तार कार्यक्रमात साधारण ५,००० वस्तीमागे स्थानिक स्त्रियांची जोडी नेमली, त्यांना वर्षभराचे प्रशिक्षण दिले आणि त्यांना पगारी सरकारी कर्मचारी केले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत, अशा कार्यकर्त्यांचे उत्पन्न सर्वस्वी किंवा मुख्यतः कामागणिक मोबदल्यावर अवलंबून नसावे, अशी शिफारस केली. त्याच संघटनेने २०२२ मध्ये भारतातील दहा लाखांहून अधिक आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. महाराष्ट्रात मात्र संप करावा लागला, तेव्हा कोठे मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने त्यांच्या मानधनात दरमहा ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. वाढ स्वागतार्ह आहे. परंतु निश्चित वेतन, रजा आणि निवृत्तिवेतन यांविषयी बोलायचे तर गौरवपत्रापेक्षा इथिओपियाचा मार्ग अनुकरणीय आहे.

बाहेरून येणाऱ्या स्वयंसेवक डॉक्टरला यात स्थान नाही असे नव्हे. एका दिवसाच्या शिबिरात शेकडो रुग्णांना गोळ्या वाटण्याऐवजी त्याने आशांना रक्तदाब अचूक कसा मोजावा, कोणत्या गरोदर स्त्रीसाठी वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी हे शिकवले, आणि पुढाकार घेऊन तालुक्याच्या व जालन्याच्या रुग्णालयाशी त्यांचा दूरध्वनीवरून थेट संपर्क जोडून दिला, तर तो परतल्यावरही काम चालू राहते. घनसावंगी तालुक्यात असे काम करण्याची इच्छा असलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आणि निवृत्त डॉक्टरांनी प्रथम तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना भेटावे, आणि औषधांचे खोके घेऊन येण्यापूर्वी आशा व त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक यांच्या मासिक बैठकीला श्रोते म्हणून बसावे.