एका वाड्यातील वेगळ्या चुली

एकत्र कुटुंबात वाटण्या झाल्या म्हणजे वाडा पाडला जातोच असे नाही. पाया, छप्पर आणि विहीर सामाईक राहते. मध्ये भिंत मात्र उठते, आणि एकीकडची चूल विझली म्हणून दुसरीकडे कोणी उपाशी राहत नाही. मोठ्या संगणकांच्या जगातही अशा वाटण्या झालेल्या आहेत. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने २००० साली पुढे आणलेले 'सुपरडोम' हे यंत्र त्याचे ठळक उदाहरण होय.

दोन कपाटांच्या पूर्ण सुपरडोममध्ये सोळा सेल बसत. पहिल्या यंत्रांतील प्रत्येक सेलवर चार प्रोसेसर आणि त्यांच्याजवळच स्मृती, म्हणजे एकूण चौसष्ट प्रोसेसर. काही सेल एकत्र करून त्यांचे एक पार्टिशन करावयाचे आणि त्यावर एच्‌पी-यूएक्स ही युनिक्स कुळातील प्रणाली स्वतंत्रपणे चालवावयाची, अशी ही रचना. पार्टिशनमधील निदान एका सेलला तरी बाहेरच्या जगाशी बोलणारी पेटी जोडलेली असावी लागते. दाराशिवाय घर ते कसले! अशा रीतीने पेढीचा हिशेब एका भागात चालू असता दुसऱ्या भागात नव्या आज्ञावलीची खुशाल परीक्षा घ्यावी. तेथील प्रणाली कोसळली तरी हिशेब थांबत नाही. कपाट आणि वीज मात्र सामाईकच. ही भिंत छपरापर्यंत जाते, त्याच्या वर नव्हे.

प्रशासकाची खरी कसोटी लागते ती सेल हलविताना. समजा, महिनाअखेरीस परीक्षेच्या भागातील तिसरा सेल हिशेबाच्या भागास द्यावयाचा आहे. 'पारस्टेटस' या आज्ञेने कोणता सेल कोणाकडे आहे ते प्रथम पाहावे. मग 'पारमॉडिफाय'ने तो पहिल्या भागातून काढावा. पण एवढ्याने सेल सुटत नाही. बदल कागदावरच राहतो. तो भाग 'शटडाउन' आज्ञेला रोमन लिपीतील मोठा आर जोडून, पुनर्रचनेसाठी म्हणून, बंद करावा लागतो. लहान आर दिला तर यंत्र निमूटपणे पुन्हा सुरू होते आणि सेल जागचा हलत नाही. सेल मोकळा झाल्यावरच तो दुसऱ्या भागात नोंदवावयाचा, आणि तेथेही तोच मोठा आर. म्हणजे हिशेबाचे कामही घटकाभर थांबणार, हे पेढीला आधी कळविलेले बरे. पुढे प्रणालीच्या ११आय तिसऱ्या आवृत्तीत काही यंत्रांवर चालू स्थितीत सेल जोडण्याची सोय झाली.

याहून नाजूक गोष्ट अधिकाराची. मूळ व्यवस्थेत कोणत्याही एका भागाच्या मुख्य प्रशासकाला शेजारच्या भागाचीही रचना बदलता येते. भिंत पक्की, पण किल्ली सर्वांच्या कमरेला! ही मुभा यंत्राच्या नियंत्रण-प्रोसेसरवरून 'पारपर्म' या आज्ञेने आवळता येते. त्याच ठिकाणाहून एखादा भाग बळाने पुन्हा सुरूही करता येतो, आणि तेथे क्रमांक चुकला तर सुरळीत चाललेले घर क्षणात अंधारात जाते. म्हणून जाणते प्रशासक क्रमांक मोठ्याने वाचतात, मगच कळ दाबतात.

या प्रणालीच्या तिसऱ्या आवृत्तीचे नेहमीचे पाठबळ कंपनीने ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच ठेवले. जेथे अशी यंत्रे मोडीत काढावयाची असतील, तेथे 'पाररिमूव्ह' देण्यापूर्वी 'पारस्टेटस'चे उत्तर कागदावर छापून दप्तरात लावावे. कोणता हिशेब कोणत्या सेलवर चालत होता हे एकदा वाटणी पुसली की यंत्र सांगत नाही.